सुदानसाठी वर्गणी काढतोय, पण मदत पोचते का? आणि कोणाला?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

पुण्याला सुदानी विद्यार्थी नवे नाहीत, माझ्या कॉलेजच्या वर्गातही दोघे होते. सध्या आमच्याच बिल्डिंगमध्ये एक मुलगा भाड्याने राहतो, फार्मसी शिकतोय. एप्रिल २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटलं तेव्हापासून तो घरी गेलेला नाही. आई आणि बहिणी ओमदुरमानला आहेत. आमच्या भिशीच्या बायकांनी यंदा सहल रद्द करून ते पैसे सुदानला पाठवायचं ठरवलं. ठरवलं काय, तिथूनच भांडण सुरू झालं!

निम्म्या जणी म्हणतात की पैसे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाला द्यावेत, निदान हिशेब तरी असतो. उरलेल्या म्हणतात, या मुलाचा मामेभाऊ त्यांच्या मोहल्ल्यात सार्वजनिक स्वयंपाकघर चालवतो, त्यालाच द्या. त्यात एकीने व्हिडिओ दाखवला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बाजारात मदतीची पोती रांगेने मांडली आहेत, त्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलंय आणि विक्री जोरात चालू आहे. मग सगळ्यांचाच उत्साह ओसरला.

मला खरंच जाणून घ्यायचंय. दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या असताना कोणाला किती द्यायचं हे ठरवतं कोण? त्यात न्याय असतो की ज्याच्या हाती बंदूक त्याचं आधी? प्रत्यक्ष काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.

---

अण्णा_सराफकट्टा

कामाचा अनुभव नाही, पण पेपर वाचतो. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने, म्हणजे सैन्याविरुद्ध लढणाऱ्या निमलष्करी फौजेने, वाद मदनी शहर घेतलं तेव्हा तिथलं जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. पंधरा लाख लोकांचा महिन्याचा शिधा होता त्यात. तो शिधा कोणी खाल्ला? ज्यांच्याकडे गाड्या आणि बंदुका होत्या त्यांनी. म्हणजे पैसे तुमचे, पोट शिपायाचं आणि लढाई आणखी महिनाभर पुढे. ताई, सहलीला जा.

---

थप्पीवाला

अण्णांनी सांगितलेली वाद मदनीची गोष्ट खरी आहे. पण मृण्मयीताईंनी विचारलं होतं की ठरवतं कोण, आणि तो प्रश्न लुटीपेक्षा मोठा आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

मी मंगळवेढ्याचा. चुलत्यांचं अडत दुकान, त्यामुळे पोती, थप्पी, घट, बारदान हे कळायला लागल्यापासूनचे शब्द. पुढे एका मदतसंस्थेत गोदामाचं काम मिळालं आणि २०१५ नंतरची काही वर्षं दक्षिण सुदानच्या युनिटी राज्यात, बेंतिऊ-रुबकोना भागात गेली. हा देश वेगळा, ९ जुलै २०११ ला सुदानमधून फुटून निघाला आणि १५ डिसेंबर २०१३ ला त्याची स्वतःची यादवी सुरू झाली. तुम्ही विचारताय त्या सुदानात मी काम केलेलं नाही. पण पोतं तेच, त्यातली ज्वारीही तीच.

हो, ज्वारीच. मालदांडी खाऊन वाढलेल्या माणसाला ते बघून हसावं की रडावं कळेना. बरीचशी अमेरिकेतून आलेली. ७२ च्या दुष्काळात आमच्याकडे जी लाल मिलो वाटली तिचीच बहीण म्हणा. पूर्ण शिधा म्हणजे माणशी महिन्याला १५ किलो ज्वारी, दीड किलो डाळ, साधारण ९०० ग्रॅम तेल आणि थोडं मीठ. हे कागदावरचं माप. देणगी आटली की कपात होते, आणि माझ्या काळात पूर्ण शिधा हा सणासारखा दुर्मीळ होता.

आधी त्या व्हिडिओचं बोलू. बाजारात दिसलेलं प्रत्येक पोतं चोरीचं नसतं. आपण अख्खी ज्वारी देतो, पीठ नाही. बाईने ती दळायची कशी? गिरणीवाला फुकट दळत नाही. म्हणून ती थोडी ज्वारी विकते, त्या पैशात उरलेली दळून घेते, शिवाय साबण आणि पोराच्या तापाचं औषध घेते. रिकामं बारदानही विकलं जातं आणि दुसराच कोणी त्यात स्वतःचा माल भरतो. आता हेही खरं की त्या बाजारात एखाद्या कमांडरच्या मेव्हण्याचा ट्रकभर माल असू शकतो. पण व्हिडिओत दोन्ही पोती सारखीच दिसतात. मला विचाराल तर एक साधी खूण आहे. चार-चार पोती घेऊन बायका बसल्या असतील तर निश्चिंत राहा. बंद शटरआड पाचशे पोत्यांची थप्पी दिसली, शिलाई न उसवलेली, तर कोणाचं तरी उखळ पांढरं झालंय.

आता यादीचं. समन्याय होतो की नाही हे वाटपाच्या दिवशी ठरत नाही. त्या दिवशी फक्त ऊन असतं आणि भांडणं असतात. ठरतं ते यादी होते तेव्हा, आणि त्याच्याही आधी, परवानगी मिळते तेव्हा.

गावात गेल्यावर पहिल्यांदा प्रमुखाला भेटायचं. नुएर जमातीच्या भागात प्रत्येक वंशशाखेचा प्रमुख असतो. तो आपल्या माणसांची नावं देतो आणि नावं फुगवतो. सगळेच फुगवतात, कारण पुढच्या वेळी कपात होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मग संस्थेचं कार्यालय म्हणतं, आकडे फुगलेत, सरसकट २० टक्के कापा. झालं! ज्याने खरे आकडे दिले तो मेला. पुढच्या खेपेला तोही फुगवतो. बोटांचे ठसे आणि कार्डं आली तेव्हा हे बरंच कमी झालं. पण यंत्राला बोट लागतं, आणि जो माणूस यंत्रापर्यंत आलाच नाही त्याचं काय?

२० फेब्रुवारी २०१७ ला युनिटीतल्या लीर आणि मायेंदित या दोन तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडच्या अर्थाने नाही, मोजून मापून जाहीर होतो तसला दुष्काळ, जेव्हा माणसं उपासमारीने मरत असतात. सुमारे एक लाख लोक त्यात होते. पाऊस कमी पडला म्हणून नव्हे. गावं जाळली गेली, गुरं नेली, आणि लोक सुद्दच्या दलदलीतल्या बेटांवर जाऊन लपले. तिथे पाणकमळांचे कंद आणि मिळाले तर मासे खायचे. आता अशा माणसाला आपण सांगणार की कोरड्या जमिनीवर ये, रांगेत उभा राहा, नाव सांग, ठसा दे. पुरुष येत नसत, कारण मैदानात उभा राहिलेला तरुण म्हणजे समोरच्या फौजेला शिपाईच वाटतो. बायका यायच्या, कमरेएवढ्या पाण्यातून. आणि परत जाताना वाटेत अडवणारे उभेच. काही बायका आम्हाला स्पष्ट सांगायच्या की एवढं एकदम देऊ नका, डोक्यावर पोतं दिसलं की आमची वाट बघणारे तयार असतात. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र एकाच वेळी दोन महिन्यांचं देणं म्हणजे हेलिकॉप्टरची एक फेरी वाचली.

रस्ते नसलेल्या भागात पद्धत अशी होती. एक छोटं पथक हेलिकॉप्टरने उतरायचं, नोंदणी करायचं, मोकळं मैदान आखून माणसं-गुरं बाजूला काढायचं. मग इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान यायचं, पोट उघडायचं आणि पोती सुटायची. एकात एक अशा दोन-तीन पोत्यांत ज्वारी भरलेली, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं टिकावं. तरीही सांडायचंच, आणि त्या दाण्यांसाठी बायका झाडण्या घेऊन उभ्या असायच्या. रस्त्याने नेण्याच्या सहा-सात पट खर्च यात येतो. हे सगळं डोळ्यांत भरतं, फोटो छान येतात. पण ते विमान उडायला सरकारची हमी लागते आणि ज्या भागावर ते जाणार तिथल्या बंडखोरांचीही. दोघांपैकी एकाने फोन उचलला नाही तर विमान जमिनीवर. म्हणजे कोणतं गाव जेवणार, हे नकाशा बघून राजधानीत ठरलेलं असतं. मी गोदामात थप्पी लावत बसलोय आणि न्याय तिकडे कुठल्यातरी टेबलावर झालाय किंवा झालेला नाही.

हे आजचंही नाही. १९८९ मध्ये ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ सुरू झालं. संयुक्त राष्ट्रांनी सरकार आणि बंडखोर अशा दोन्ही बाजूंशी करार करून दोन्हीकडच्या लोकांना अन्न पोचवायचं ठरवलं. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. पण कोणत्या धावपट्टीवर उतरायचं याला नकार देण्याचा हक्क खार्टूमच्या सरकारकडेच राहिला. १९९८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी बहर अल गझालमधली उड्डाणं बंद केली आणि त्या वर्षी तिथे, अजीपसारख्या ठिकाणी, माणसं हजारोंनी मेली. जिथे अन्न उतरलं तिथला प्रकार आणखी विचित्र. बाहेरून आलेले लोक म्हणत होते, सर्वांत अशक्त घरांनाच द्या. गावचे प्रमुख म्हणत होते, सगळ्या कुळांना सारखं वाटा. मदतसंस्थांची माणसं परतल्यावर ते प्रमुख सगळं धान्य पुन्हा गोळा करून आपल्या रीतीने वाटायचे. मी नंतर लोकांकडून ऐकलं तेव्हा मला ते प्रमुख वाईट वाटले नाहीत. ज्या गावात उद्या तुम्ही नसणार आणि शेजारी असणार, तिथे शेजाऱ्याला उपाशी ठेवून जगता येत नाही. फक्त एक वर्ग त्यातून पूर्ण निसटला. दुसऱ्या भागातून पळून आलेले, ज्यांचा तिथे प्रमुखच नव्हता, त्यांना ना आपल्या यादीत जागा मिळाली ना त्यांच्या वाटणीत. वरून बंडखोर फौजेने प्रत्येक घराकडून आपला हिस्सा उचलला तो वेगळाच.

म्हणून माझं मत असं. तुम्ही चोरीवर अडलाय, कारण पोती मोजता येतात आणि त्यांची घट कागदावर दिसते. यादीत न आलेल्या माणसाची पावती कुठे फाटत नाही. तो घट म्हणूनसुद्धा दिसत नाही. पाच टक्के, दहा टक्के गळती झाली तर मी हळहळेन. पण अख्खा तालुका यादीबाहेर असेल आणि हिशेब शंभर टक्के चोख असेल, तर तो हिशेब मला नको.

सुदानबद्दल पुढच्या प्रतिसादात. पोरीला क्लासला सोडायचंय.

---

मृण्मयी_कोथरूड

थप्पीवाले दादा, मनापासून आभार. गिरणीचा मुद्दा मी आत्ताच ग्रुपवर टाकला. व्हिडिओवाल्या वहिनी गप्प आहेत, म्हणजे विचार करताहेत.

सुदानचं नक्की लिहा. वाट बघते.

---

निवृत्त_मेडिक_कराड

विषय निघालाच आहे तर दोन शब्द. आपल्या लष्कराचा ब्रिगेड १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली सोमालियात होता, बैदोआ भागात. मी तिथे वैद्यकीय तुकडीसोबत होतो. ऑगस्ट १९९४ मध्ये बैदोआतच आपले तीन डॉक्टर मारले गेले. त्यावर जास्त लिहिणार नाही.

तिथले लोक आम्हाला १९९२ च्या उपासमारीबद्दल सांगायचे. तेव्हा बंदरातून निघालेला तांदळाचा ट्रक वाटेतच लुटला जायचा, कारण तांदूळ म्हणजे रोकड. मग रेडक्रॉसने आणि सोमाली रेडक्रेसेंटने अन्न शिजवूनच द्यायला सुरुवात केली. देशभर शेकडो स्वयंपाकघरं, दहा लाखांवर लोक रोज तिथे जेवत. शिजवलेली खिचडी लुटून कोणी बाजारात विकत नाही. संध्याकाळपर्यंत ती आंबते. ताईंच्या त्या मामेभावाचं स्वयंपाकघर मला म्हणूनच पटतं.

---

थप्पीवाला

कराडच्या काकांना सलाम. त्यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे, आणि सुदानचं बोलताना त्यावरच येणार होतो.

सुदानमध्ये आज दोन दरवाजे आहेत आणि दोन्हींवर वेगवेगळे पहारेकरी. सैन्याचं सरकार पोर्ट सुदानमधून चाललं. त्यांचा ‘ह्युमॅनिटेरियन एड कमिशन’ नावाचा विभाग व्हिसा, प्रवासाचे परवाने आणि ट्रकचे कागद देतो किंवा अडवून ठेवतो. आरएसएफनेही ऑगस्ट २०२३ मध्ये आपलं स्वतःचं मदत खातं उघडलं. त्यांचेही शिक्के लागतात. एका ट्रकला दोन सरकारांचे कागद, आणि एकाचा कागद दिसला की दुसरा संशय घेणार.

शेजारच्या चाड देशाच्या सीमेवर अद्रे नावाचं नाकं आहे, तिथून सुदानचा पश्चिम दारफूर प्रांत अगदी जवळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोर्ट सुदानच्या सरकारने ते बंद केलं, कारण आरएसएफची शस्त्रं त्याच वाटेने येतात असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण ते नाकं ऑगस्टच्या मध्यात उघडलं तोवर पाऊस सुरू झाला होता, ओढे भरले होते आणि ट्रक काठावर थांबले. त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दारफूरमधल्याच अल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं होतं. सरकारने काय करावं? दुष्काळ नाहीच म्हणून सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये त्या मोजणीच्या पद्धतीतूनच अंग काढून घेतलं. अशाने माणूस नुसता यादीबाहेर जात नाही, तो भुकेला आहे हेच अमान्य होतं.

आणि दुसरी बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं कोणी समजू नये. अल फाशेरला मे २०२४ पासून आरएसएफचा वेढा होता. पुढे शहराभोवती मातीचा बांधच घातला, माणूस बाहेर पडू नये आणि पोतं आत जाऊ नये म्हणून. आत लोक शेंगदाण्याची पेंड खात होते. आमच्याकडे पेंड म्हशीला घालतात. जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ताफा शहराकडे निघाला तर अल कोमाजवळ त्यावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर आरएसएफच्या हाती पडलं. त्यानंतर तिथे काय झालं ते सर्वांनी वाचलंय.

मग यात माणसं जगली कशी? बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरांवर. युद्ध लागल्यावर मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी ‘आपत्कालीन कक्ष’ उघडले. यांतली पुष्कळ मुलं तिथल्या २०१९ च्या सरकारविरोधी आंदोलनातली, त्यामुळे मोहल्ला समित्यांची सवय आधीपासून होती. मोठ्या कढया, मसुराची आमटी, फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, असलं काहीतरी. पैसा येतो बँकक नावाच्या मोबाईल ॲपवरून. खार्टूमच्या बँकेचं ॲप आहे ते. आखाती देशांतली, युरोपातली आणि तुमच्या बिल्डिंगमधल्यासारखी माणसं पाठवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर इंटरनेट गेलं तेव्हा ॲप बंद, ॲप बंद म्हणून कढया बंद. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा जवळपास ऐंशी टक्के स्वयंपाकघरांवर कुलूप लागल्याच्या बातम्या होत्या. २०२५ मध्ये या कक्षांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. पुरस्काराने मसूर येत नाही, पण असो.

यात न्याय कसा होतो ते बघा. यादी लागत नाही. ज्याला रांगेत वाडगा घेऊन उभं राहावंसं वाटतं तो भुकेला आहे, एवढा पुरावा पुरतो. कमांडर मसुराच्या आमटीसाठी रांगेत उभा राहत नाही. आपल्या रोजगार हमीतही हेच तत्त्व होतं. खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे हे वेगळं शोधावं लागत नाही. फरक एवढाच की तिथे कामाची ताकद लागायची.

पण स्वयंपाकघराची भक्ती करू नका. रांगेपर्यंत चालता येत नाही अशा म्हातारीचं काय? मोहल्ल्याची कढई मोहल्ल्याचं आधी बघते. परवाच पळून आलेलं कुटुंब, वेगळ्या जमातीचं, त्याला वाढतात का? आणि ही मुलं दोन्हीकडून संशयित आहेत. आरएसएफच्या ताब्यातल्या भागात स्वयंपाकघर चालवलं म्हणून सैन्याने उचललेले आहेत आणि याच्या उलटही. शिवाय मसूर बाजारातून विकत घ्यायची, तर बाजारात मसूर यायला हवी. ती मोठ्या संस्थांचे ट्रक आणि व्यापारी आणतात. म्हणजे दोन्ही लागतात. तुमच्या भिशीतल्या दोन्ही बाजू बरोबर आहेत, पण भांडणात हे कोणी ऐकत नाही.

---

अण्णा_सराफकट्टा

माहिती उत्तम. पण माझा मुद्दा तुम्ही टाळलात. मदत फौजा पोसते की नाही? पोसत असेल तर ती बंद झाल्याने लढाई लवकर संपणार नाही का? दहा टक्के गळतीला नुसतं हळहळून चालणार नाही. त्या दहा टक्क्यांत गोळ्या येतात.

---

थप्पीवाला

अण्णा, टाळलं नाही, आलोच.

पोसते. थोडी पोसते. दक्षिण सुदानात प्रत्येक नाक्यावर ट्रकला पैसे मोजावे लागायचे. बंडखोर फौज लोकांच्या शिध्यातून हिस्सा घ्यायची हे वर लिहिलंच आहे. हे जो नाकारतो त्याने गोदाम पाहिलेलं नाही. पण बंदूकवाल्याचं मुख्य उत्पन्न ज्वारी नव्हे. सुदानात ते सोनं आहे आणि बाहेरच्या देशांतून येणारा पैसा. ज्वारी थांबवल्याने दुबईला जाणारं सोनं थांबत नाही.

आणि ‘मदत बंद करून बघा’ हा प्रयोग झालेला आहे. काकांच्याच सोमालियात. २००९-१० च्या सुमारास मदत अल शबाब या तिथल्या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या हाती जाते म्हणून ओरड झाली. अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या धाकाने देणगीदारांनी हात आखडला. जानेवारी २०१० मध्ये जागतिक अन्न कार्यक्रम दक्षिणेतून बराचसा बाहेर पडला. त्याला धमक्या आणि खंडणी हेही कारण होतं. पुढे अल शबाबनेच अनेक संस्थांना बंदी केली. मग पाऊस दोनदा हुकला, धान्याचे भाव चढले आणि जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. नंतरच्या अभ्यासात मृतांचा अंदाज सुमारे २ लाख ५८ हजार निघाला. निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची पोरं. अल शबाब? ती आजही आहे.

सगळा दोष मदत आखडण्याचा होता असं मी म्हणत नाही, कारणं चार होती. पण फौज उपाशी मरेल आणि म्हणून लढाई संपेल, हा हिशेब कुठे जुळलेला मला तरी माहीत नाही. फौज सर्वांत शेवटी उपाशी राहते. तिच्याआधी मंगळवेढ्याच्या लोकसंख्येची अनेक गावं संपतात.

गळतीचं काहीच करू नये असंही नाही. ज्वारीऐवजी पीठ किंवा शिजवलेलं द्या. छोट्या वाटण्या करा. कार्डं बाईच्या नावावर ठेवा. आज इथून उद्या तिथून, वाटपाची जागा बदलत ठेवा. नाक्यावर पैसे मागितले तर त्याची नोंद ठेवा आणि सगळ्या संस्थांनी मिळून नकार द्या. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण एक संस्था मागल्या दाराने देतेच. तिला वाटतं, आपल्या गावाची पोरं तरी जगतील. आणि तिचं चुकतं असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही.

---

अण्णा_सराफकट्टा

सोन्याचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम. पण ताई, सहलीला जा म्हणालो ते मागे घेतो.

---

मृण्मयी_कोथरूड

अण्णा, नोंद घेतली :)

आज त्या मुलाशी बोलले. त्याचा मामेभाऊ आठवड्यातून जमेल तितके दिवस कढई चढवतो म्हणाला, पैसे येतील तसं. माझा कल आता अर्धे-अर्धे करण्याकडे आहे. दादा, त्याला नेमकं काय विचारू म्हणजे अपमानही होणार नाही आणि भिशीतल्या बायकांचं समाधानही होईल? फोटो मागावेत का? आणि पैसे इथून पाठवायला काही अडचण?

---

थप्पीवाला

पैशाचं आधी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत व्यक्तीला परदेशात देणगी देता येते, पण सुदान म्हटलं की बँका चौकशी करतात आणि थेट पाठवणं अवघड जातं. सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यात गोळा करून पाठवण्याआधी सीएला विचारा. कोणी ‘माझ्या ओळखीचा माणूस दुबईत देतो, तुम्ही मला इथे रोख द्या’ असं सुचवलं तर नको म्हणा.

त्या मुलाला विचारा की एका कढईला सध्या किती लागतात, मसूर कुठून येते आणि तिचा भाव गेल्या महिन्यात काय होता. खरंच चालवणारा माणूस हे झोपेतही सांगतो. मग विचारा, मोहल्ल्यात नव्याने आलेली कुटुंबं जेवायला येतात का आणि जे रांगेत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे डबा कोण नेतं. कढई चढली नाही त्या दिवशी लोक काय करतात, हेही विचारा. ‘आमच्याकडे सगळ्यांना मिळतं, काही अडचण नाही’ असं उत्तर आलं तर मला जरा शंका येईल. ‘अमुक गल्लीतल्या लोकांना पुरत नाही’ असं म्हणाला तर पैसे खुशाल द्या.

माणसांचे फोटो मागू नका. कढईचा, मसुराच्या पोत्याचा, दुकानदाराच्या चिठ्ठीचा चालेल. माणसांचे चेहरे नकोत, गल्लीची ओळख पटेल असं काही नको, आणि असले फोटो भिशीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, ते फिरत फिरत कुठे जातील सांगता येत नाही. वाढणाऱ्या मुलांना याचा त्रास होतो. तिकडे कोण कोणाला जेवू घालतं यावरून माणसं आत टाकतात.

आणि एक, पैसे एकरकमी न देता दर महिन्याला थोडे द्या. एकदम मोठी रक्कम आली की मोहल्ल्यात बातमी होते. शिवाय दर महिन्याला हिशेब विचारायला तुम्हालाही निमित्त मिळतं.

---

मृण्मयी_कोथरूड

महिन्याला देणं सगळ्यांना पटेल, भिशीच आहे ती शेवटी. गुरुवारी बसतोय. व्हिडिओवाल्या वहिनींनी आत्ताच विचारलंय की तिकडे गिरणीवाला किलोमागे घेतो तरी किती. दादा, तेवढं आठवत असेल तर सांगा.